आकाशातली गर्दी आणि मार्कोनी

संध्याकाळी राजूर कॉलरीच्या चौकात उभं राहून बघा. खाणीची पाळी सुटलेली असते, चुनाभट्ट्यांवरची माणसं घराकडे निघालेली असतात, वणीकडे जाणारे ऑटो भरत असतात. आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाइल. कोणी रील बघतंय, कोणी घरी फोन लावतंय, कोणी चहाच्या टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करतंय. हे सगळे फोन एकाच टॉवरशी बोलतात, आणि तेही एकाच वेळी. मग टॉवरला कळतं कसं, की यातला कोणता आवाज कोणाचा?

हा प्रश्न मोबाइलच्याही आधीचा आहे. बिनतारी संदेशाचा धंदा ज्या माणसानं उभा केला, त्याच्या मागे तो पहिल्या दिवसापासून लागला होता. ग्युल्येल्मो मार्कोनी हे नाव आपण शाळेत रेडिओचा जनक म्हणून पाठ करतो आणि एक मार्क घेऊन पुढे जातो. जनक म्हणणं किती बरोबर, हा वाद वेगळा. पण त्याचं आयुष्य नीट वाचलं तर त्यात एकच भांडण सारखं दिसतं : मला माझा संदेश ऐकू द्या, बाकीच्यांनी गप्प बसा.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील जमीनदार. आई ॲनी जेमसन आयरिश, व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या जेमसन घराण्यातली. पोराचं शाळेत काही फार जमलं नाही, विद्यापीठात तर प्रवेशच मिळाला नाही. बोलोन्यात आगुस्तो रिगी नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांच्याकडे जाऊन बसायचं, त्यांची पुस्तकं वाचायची, एवढंच काय ते शिक्षण. १८९४ साली हाइनरिश हर्ट्झ वारला. विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निघतात हे प्रयोगानं दाखवणारा हाच तो हर्ट्झ. त्याच्याबद्दल वाचताना विशीतल्या मार्कोनीच्या डोक्यात आलं, की या लहरींवरून तारायंत्राचे संदेश पाठवता येतील का?

पोन्तेक्कियोला त्यांचा मोठा वाडा होता, व्हिला ग्रिफोने. त्याच्या माळ्यावर प्रयोग सुरू झाले. वडिलांना हा पैशाचा चुराडा वाटायचा, आई मात्र पाठीशी होती. १८९५ मध्ये तो यंत्र घेऊन अंगणात आला, मग शेतात गेला. शेवटी थोरला भाऊ अल्फोन्सो टेकडीपलीकडे बंदूक घेऊन उभा राहिला. टेकडी आड असल्यानं रुमाल हलवून उपयोग नव्हता. संदेश पोचला की बार काढायचा, असं ठरलं होतं. बार ऐकू आला.

आता हे ऐकणारं यंत्र कसं होतं ते बघू, कारण सगळी गोम तिथंच आहे. त्याला कोहिरर म्हणत. काचेची बारीक नळी आणि तिच्यात धातूचा कीस. एरवी हा कीस सुटा पडलेला असतो, त्यातून वीज नीट जात नाही. रेडिओ लहर आली की कण एकमेकांना चिकटतात, वीज वाहते, घंटी वाजते. पुढची लहर ऐकायची तर नळीला छोट्या हातोडीनं टिचकी मारून कीस पुन्हा मोकळा करायचा. मार्कोनीनं ही नळी स्वतः शोधली नव्हती, फ्रान्सचे ब्रानली आणि इंग्लंडचे लॉज यांनी आधीच ती वापरली होती. मार्कोनीनं ती घासूनपुसून भरवशाची केली, उंच एरियल आणि जमिनीत अर्थिंग जोडलं, आणि अंतर वाढवत नेलं.

पण कोहिररला फक्त हो आणि नाही कळायचं. लहर आली, लहर नाही आली. कोणाची आली हे त्याला काय माहीत? शेजारच्या स्टेशनची ठिणगी असो की दूर कुठं पडलेली वीज, घंटी सारखीच वाजणार.

१८९६ मध्ये मार्कोनी आईबरोबर लंडनला गेला. तिथल्या टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला. जूनमध्ये पेटंटचा अर्ज, पुढच्या वर्षी मे महिन्यात ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश, त्याच वर्षी स्वतःची कंपनी. वय २३. १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधून इंग्लंडला संदेश गेला. स्टार्टअप म्हणतात ते हेच. यात मार्कोनीचं खरं डोकं विज्ञानापेक्षा धंद्यात जास्त चाललं असं मला वाटतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

अडचण एकच होती. एक स्टेशन असेपर्यंत सगळं छान. दोन झाली की गोंधळ. १९०१ च्या शरदात अमेरिकेजवळ नामांकित शिडाच्या नावांची शर्यत होती. बातम्या बिनतारीनं पाठवायचं कंत्राट मार्कोनीकडे होतं. दुसऱ्या वृत्तसंस्थेनं ली डी फॉरेस्टला आणलं. आणि तिसऱ्या एका कंपनीला कोणाचंच कंत्राट नव्हतं, तिनं नुसताच जोरदार ट्रान्समीटर चालू ठेवला. तिघांनी एकमेकांचे संदेश असे काही चिरडले, की कोणाच्याच हाती धड काही लागेना. म्हणजे राजूरच्या बाजारात तीन लाउडस्पीकर समोरासमोर लावल्यावर भाजीचा भाव जितका कळेल, तितकंच.

यावर मार्कोनीचा उपाय एक वर्ष आधीच कागदावर आला होता. २६ एप्रिल १९०० चं ब्रिटिश पेटंट क्रमांक ७७७७. चार सत्ते म्हणूनच ते ओळखलं जातं. कल्पना झोक्यासारखी आहे. प्रत्येक झोक्याची एक लय असते. त्या लयीत हलके धक्के दिले तरी झोका उंच जातो, लय चुकवून कितीही ढकला, तो अडखळतच राहतो. मार्कोनीनं पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या अशा दोन्ही टोकांना वेटोळं आणि कंडेन्सर यांची जोडी बसवून त्यांची लय जुळवली. मग त्या लयीची लहर आली तरच यंत्र नीट जागं होणार. ऑलिव्हर लॉजनं सूर जुळवण्याचं पेटंट आधीच घेतलं होतं, आणि पुढे मार्कोनीच्या कंपनीला ते विकत घ्यावं लागलं. आज आपण रेडिओवर एफएम स्टेशन लावतो, तेव्हा करतो ते हेच. एकाला एक फ्रिक्वेन्सी, दुसऱ्याला दुसरी.

मग आला १२ डिसेंबर १९०१. त्या दिवसाबद्दल पाठ्यपुस्तकात एकच ओळ असते, पण माझ्या मते मार्कोनीच्या आयुष्यातला सगळ्यात विचार करण्यासारखा दिवस तोच आहे.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्ढू इथून रोज ठरलेल्या तासांत मोर्समधलं एकच अक्षर सारखं पाठवायचं ठरलं होतं : एस, म्हणजे तीन टिंबं. मार्कोनी अटलांटिकच्या पलीकडे, न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर होता. सोबत जॉर्ज केम्प आणि पॅजेट हे दोन सहायक. दोघांमधलं अंतर सुमारे ३५०० किलोमीटर. थंडी आणि सोसाट्याचा वारा. एरियलची तार पतंगाला बांधून वर सोडलेली. वाऱ्यानं पतंग खालीवर व्हायचा, तारेची उंची बदलायची, आणि उंची बदलली की जुळवलेली लय पुन्हा बिघडायची. म्हणजे चार सत्त्यांची सगळी करामत त्या वाऱ्यात फुकट गेली. शेवटी मार्कोनीनं सूर जुळवणारा रिसीव्हर बाजूला ठेवला आणि साधा, सगळंच ऐकणारा रिसीव्हर घेतला. टेलिफोनचा इअरपीस कानाला लावला. दुपारी साडेबाराच्या सुमारास त्याला तीन टिंबं ऐकू आली. त्यानं इअरपीस केम्पला दिला. केम्पलाही ऐकू आली.

खरंच ऐकू आली का? कागदाच्या पट्टीवर नोंद झालेली नव्हती. साक्षीदार म्हणजे दोन माणसांचे कान, आणि दोघांनाही काय ऐकायचंय हे आधीच माहीत होतं. यंत्र असं, की आकाशातली कोणतीही खरखर त्यात यावी. दिवसाउजेडी त्या लांबीच्या लहरी इतक्या दूर जाणं अवघड, हे आज आपल्याला कळतं. म्हणून काही जाणकार म्हणतात की त्यानं विजांची कडकड ऐकली. काही म्हणतात की ठिणगीतून निघालेल्या इतर आखूड लहरी पोचल्या असतील. वाद अजून मिटलेला नाही. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९०२ मध्ये, फिलाडेल्फिया जहाजावर त्यानं सूर जुळवलेल्या रिसीव्हरवर, कागदाच्या पट्टीसकट, पुन्हा चाचणी घेतली. रात्री सिग्नल दूरवर मिळतात आणि दिवसा फार लवकर विरतात, हे तिथंच पहिल्यांदा नीट दिसलं.

सिग्नल ओळखायचा म्हणजे काय, हे या एका दुपारीत सगळं आहे. कान फार हळवा ठेवला तर नसलेलं ऐकू येतं. कान घट्ट केला तर असलेलं निसटतं. मधली रेघ कुठं मारायची? रडारच्या काळात याचं रीतसर गणित तयार झालं. आणि ठरलेल्या वेळी ठरलेली खूण पाठवायची ही मार्कोनीची युक्ती आजही आपल्या खिशात आहे. ४जी फोन टॉवरशी पहिल्यांदा बोलतो तेव्हा तो काही नाव सांगत नाही. टॉवरला आधीच ठाऊक असलेल्या ६४ खुणांपैकी एक खूण फेकतो. टॉवर गोंगाटात तीच खूण शोधत असतो. दोन फोननी एकच खूण उचलली की टक्कर होते, मग दोघं थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतात. गर्दीच्या जत्रेत फोन लागायला वेळ काऊन लागतो, याचं एक कारण हे.

त्या दुपारच्या यंत्राबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. ते ऐकणारं उपकरण इटालियन नौदलाचा कोहिरर म्हणून मार्कोनीला मिळालं होतं. त्यात कीस नव्हता. लोखंड आणि पारा यांचा सांधा होता, टिचकी मारायची गरज नव्हती, आणि सोबत टेलिफोनचा इअरपीस. अशा जोडणीचं वर्णन कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेलं होतं. मार्कोनीच्या गोष्टीत त्यांचं नाव आलं नाही. बोस यांना पेटंटची हावच नव्हती हे खरं, पण म्हणून श्रेय देऊ नये असं थोडंच असतं!

१९०३ च्या जूनमध्ये सूर जुळवण्याचा गर्व चारचौघांत उतरला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीचे सल्लागार प्राध्यापक फ्लेमिंग व्याख्यान देणार होते आणि मार्कोनी दुरून संदेश पाठवणार होता. जुळवलेल्या यंत्रात बाहेरचा कोणी घुसू शकत नाही, असा कंपनीचा दावा होता. व्याख्यान सुरू व्हायच्या जरा आधी यंत्र आपोआप टकटक करू लागलं. एकच टवाळखोर शब्द पुन्हा पुन्हा, आणि मग मार्कोनीची खिल्ली उडवणाऱ्या ओळी. नेव्हिल मॅस्कलिन नावाच्या जादूगारानं जवळच्याच एका नाट्यगृहातून हा उद्योग केला होता. जगातलं पहिलं हॅकिंग म्हणून हल्ली ही गोष्ट सांगतात. जवळून जोरात ओरडलं, की सूर जुळलेला नसला तरी आवाज आत शिरतोच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मार्कोनीचा दुसरा उपाय तांत्रिक नव्हताच, तो धंद्याचा होता. जहाजांवरची यंत्रं त्याच्या कंपनीची, चालवणारी माणसंही कंपनीची. आणि त्यांना हुकूम असा, की संकट सोडून एरवी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचं नाही. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हेन्री अमेरिकेहून डॉइशलांड जहाजानं परतत होता. त्याला अमेरिकेच्या अध्यक्षांना आभाराचा साधा निरोप पाठवायचा होता. जहाजावर जर्मन कंपनीचं यंत्र. मार्कोनीच्या स्टेशननं दाद दिली नाही. जर्मनी भडकली, १९०३ मध्ये बर्लिनला परिषद भरली, आणि १९०६ च्या करारात किनाऱ्यावरच्या स्टेशननं कोणत्याही यंत्राचा संदेश घेतलाच पाहिजे असं ठरलं. १९०९ मध्ये मार्कोनीला कार्ल ब्राउन यांच्यासोबत नोबेल मिळालं. ब्राउन जर्मन, त्यामुळे त्या दिवशी दोघं शेजारी उभे राहिले हेही गमतीचंच.

आणि मग १४ एप्रिल १९१२ ची रात्र. टायटॅनिकचे दोन्ही बिनतारी चालक, जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड, मार्कोनी कंपनीचे होते. फिलिप्स दूरच्या केप रेस स्टेशनशी प्रवाशांच्या खासगी संदेशांची देवाणघेवाण करत होता. केप रेसचा आवाज क्षीण. तेवढ्यात जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा चालक सिरिल इव्हान्स मध्येच बोलला, की आम्ही बर्फात अडकून थांबलोय. जवळचा असल्यानं त्याचा सिग्नल फिलिप्सच्या कानात धाडकन आदळला आणि केप रेस त्याखाली बुडालं. फिलिप्सनं वैतागून त्याला गप्प राहायला सांगितलं. इव्हान्सचा दिवस संपला होता. थोड्या वेळानं त्यानं यंत्र बंद केलं आणि तो झोपला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळली. संकटाची हाक सुटली तेव्हा सगळ्यात जवळच्या जहाजांपैकी एकाचा कान बंद होता. कार्पेथिया जहाजाचा चालकही झोपायच्या तयारीत होता, पण त्याच्या कानावर हेडफोन होता, म्हणून सातशेहून जास्त माणसं वाचली. सुमारे १५०० गेली.

फिलिप्सला दोष देणं सोपं आहे. तो स्वतःही शेवटपर्यंत संदेश पाठवत राहिला आणि बुडाला. पण त्याच्यापुढे असलेली अडचण बघा. जवळचा मोठा आवाज दूरच्या लहान आवाजाला गिळतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की मोठा आवाज म्हणजे कटकट. मोबाइल इंजिनिअर यालाच जवळ-दूरचा प्रश्न म्हणतात.

तुमच्या आईवडिलांना २००३ च्या आसपासचे स्वस्तातले सीडीएमए फोन आठवत असतील. त्यात सगळे फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर एकदम बोलायचे, फक्त प्रत्येकाचा सांकेतिक कोड वेगळा. टॉवर एका वेळी एक कोड जुळवून बघायचा आणि उरलेल्या सगळ्यांना गोंगाट समजायचा. मग टॉवरखालचा फोन दूरच्या शिवारातल्या फोनला दाबून टाकणार नाही का? म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा सांगायचा, की आवाज थोडा वाढव, थोडा कमी कर. एका अर्थी हीच मार्कोनीची आणि फिलिप्सची रीत, फक्त सभ्य भाषेत.

पण दुसरी वाट आहे. १९८६ मध्ये सर्जिओ वेर्दू या तरुण संशोधकानं गणितानं दाखवलं, की दुसऱ्यांचा आवाज हा गोंगाट नाहीच. तोही कोणाचा तरी संदेश आहे, त्याला घडण आहे. सगळ्यांचे संदेश एकत्रच ओळखायला बसलं, तर जवळ-दूरचा प्रश्न जवळपास उरत नाही. फक्त हिशेब भयंकर वाढतो. प्रत्येक फोन एका क्षणी शून्य किंवा एक पाठवतो असं धरा. १० फोन असतील तर तपासायच्या शक्यता १०२४. ३० फोन झाले की १०७ कोटी. म्हणून पुढे सोप्या रीती निघाल्या. त्यातली एक कोणालाही पटेल अशी आहे : सगळ्यात मोठा आवाज आधी नीट ऐकून घ्या. तो काय म्हणाला हे कळलं, की तो आवाज तसाच तयार करून एकूण आवाजातून वजा करा. मग त्याच्याखाली दबलेला दुसरा ऐकू येतो. मग तिसरा. त्या रात्रीच्या ठिणगीयंत्रांवर हे शक्य नव्हतं, ते मान्य. पण या रीतीत मोठ्यानं बोलणाऱ्याला हाकलायचं नसतं, त्याचंच पहिलं ऐकायचं असतं.

टायटॅनिकनंतर कायदे आले. जहाजांवर चोवीस तास ऐकणारा माणूस, संकटाच्या हाकेला पहिला मान, कोणी कोणत्या लहरीवर बोलायचं याचे नियम. मार्कोनीला त्या वर्षी वाहवाही मिळाली आणि शेअरच्या घोटाळ्यात त्याच्या कंपनीचं नावही आलं. सप्टेंबरमध्ये मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला.

त्याचा तिसरा उपाय थेट आपल्या महाराष्ट्रात आला. पुढे मार्कोनी आणि त्याचा अभियंता चार्ल्स फ्रँकलिन आखूड लहरींकडे वळले. आखूड लहरी आरशानं उजेड वळवावा तशा एका दिशेला झोतासारख्या सोडता येतात. मग सगळ्या जगाला ओरडून सांगायची गरजच काय? ज्याला सांगायचं त्याच्याच दिशेला तोंड करा. इंग्लंड आणि भारत यांच्यातली अशी झोतसेवा १९२७ मध्ये सुरू झाली. पाठवणारं स्टेशन पुण्याजवळ खडकीला, ऐकणारं स्टेशन दौंडला. दोन गावं मुद्दाम वेगळी, कारण स्वतःच्याच ट्रान्समीटरच्या आवाजात दूरच्या इंग्लंडचा आवाज कसा ऐकू येणार? पुन्हा तेच, जवळ आणि दूर. आज ५जीचे टॉवर डझनावारी लहान एरियल एकत्र वापरून प्रत्येक फोनकडे वेगळा झोत वळवतात, त्यामागची कल्पना खडकी-दौंडच्या त्या तारांत होतीच.

शेवटच्या वर्षांतला मार्कोनी मात्र आवडत नाही. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला. १९३० मध्ये मुसोलिनीनं त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केलं. अकादमीसाठी सुचवलेल्या नावांच्या याद्यांत ज्यू विद्वानांपुढे त्यानं एका अक्षराची खूण केल्याचं पुढे अभ्यासकांना कागदपत्रांत सापडलं. त्याच्या काळात एकही ज्यू अकादमीत घेतला गेला नाही. ज्यांचं ऐकायचंच नाही, त्यांची यादी. हे त्याच्या नोबेलच्या शेजारी लिहिलं गेलंच पाहिजे.

२० जुलै १९३७ ला तो रोममध्ये हृदयविकारानं गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बीबीसीनं आणि ब्रिटनच्या टपाल खात्यानं आपापले ट्रान्समीटर दोन मिनिटं बंद ठेवले. इतरही अनेक देशांतली स्टेशनं थांबली. त्या दोन मिनिटांत कोणी जुना कोहिरर लावून बसलं असतं, तर त्याला बहुतेक दूरच्या पावसाळी ढगांतली खरखर तेवढी ऐकू आली असती.